वर्षभराचं फीडबॅक पॅकेज की एकेका कथेचे पैसे?

एका ताईंचा प्रश्न आलाय. नोकरी करतात, रात्री कथा लिहितात, गेल्या वर्षभरात ४ कथा पूर्ण झाल्या. त्या ज्या ऑनलाइन लेखक-ग्रुपमध्ये आहेत तिथे आता पेड मेंबरशिप निघालीये: दर महिन्याला एक कथा पाठवायची, ५,००० शब्दांपर्यंत, आणि प्रोफेशनल एडिटर त्यावर लेखी फीडबॅक देणार. वर्षाचे पैसे एकदम भरले तर १२ ऐवजी ८ महिन्यांचीच फी, आणि ही रक्कम म्हणजे ताईंची ४ महिन्यांची बचत. दरमहा भरायचं तर किमान ६ महिने बांधून घ्यावं लागतं. मेंबर न होता एका कथेचा फीडबॅकही मिळतो, पण तो महिन्याच्या फीच्या सव्वापट. कार्डावर जुनी थकबाकी आहे, इमर्जन्सी फंड २ महिन्यांच्या खर्चाएवढा. विचारतायत की "स्वतःमधली गुंतवणूक समजून कार्डाने भरून टाकू का?"

ताई, आधी उत्तर सांगते, मग कारणं. वर्षाचं पॅकेज आत्ता घेऊ नका. फीडबॅक मात्र जरूर घ्या, एका कथेचा, आणि तोही कार्डाची थकबाकी शून्य झाल्यावर.

आता हिशोब बघा. महिन्याची फी म्हणजे १ धरू. वर्षाचं पॅकेज ८ ला पडतं, सुटी कथा सव्वाला. तुम्ही वर्षात ४ कथा लिहिता, म्हणजे सुट्या घेतल्या तर ५ मध्ये काम होतं आणि वर ३ उरतात. ६ कथा झाल्या तरी साडेसात, म्हणजे अजूनही सुटंच स्वस्त. पॅकेज फायद्याचं ठरतं ते ७ व्या कथेपासून. "पैसे भरले की आपोआप जास्त लिहिलं जाईल" असं तुम्ही लिहिलंय, ते मला पटत नाही, कारण फीडबॅक आला की ती कथा परत लिहायची असते आणि त्याला तुमचे ३-४ आठवडे जातात, तेवढ्यात पुढच्या महिन्याची कथा पाठवायची वेळ आलेली असते, मग एकतर जुनी अर्धवट राहते नाहीतर नवी कच्ची जाते. कच्च्या कथेवर एडिटर तेच सांगणार जे तुम्हाला स्वतःलाच आठवडाभराने दिसलं असतं, आणि त्याचे पैसे कशाला द्यायचे? ६ महिन्यांच्या प्लॅनचंही तेच, तेवढ्यात तुमच्या २ कथा होणार.

अजून एक गोष्ट मला खटकली. त्यांच्याच माहितीत ३०० मेंबर आणि २ एडिटर असं लिहिलंय. एक माणूस पूर्णवेळ काम करून महिन्याला साधारण १६० तास देऊ शकतो, दोघांचे ३२०, म्हणजे सगळ्यांनी कथा पाठवली तर एका कथेला तासाभरापेक्षा थोडाच जास्त वेळ. ५,००० शब्द मिनिटाला २५० च्या वेगाने वाचायला २० मिनिटं लागतात, आणि नीट फीडबॅक द्यायचा तर कथा दोनदा वाचावीच लागते, एकदा वाचक म्हणून आणि एकदा हातात पेन घेऊन. मग विचार करून लिहायला जेमतेम २५ मिनिटं उरली. एवढ्यात कुठल्या परिच्छेदात लक्ष उडालं, शेवट आधीच का कळला, हे कसं सांगणार? हे गणित जमतं फक्त बरेच मेंबर कथा पाठवतच नाहीत म्हणून, जिमच्या वर्षाच्या फीसारखं. तुम्ही त्या न पाठवणाऱ्यांमध्ये जाऊ नये एवढीच माझी काळजी आहे.

म्हणून पैसे भरण्याआधी त्यांना मेल करून विचारा की माझी कथा नेमकं कोण वाचणार, त्यांनी कुठे संपादन केलंय, नोट्स साधारण किती शब्दांच्या असतात, एखादा जुना नमुना दाखवाल का, आणि दुरुस्त केलेली कथा तेच पुन्हा वाचतील का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण दुरुस्ती जमली की नाही हे दुसऱ्या वाचनातच कळतं. आणि "फीडबॅक" या एका शब्दात चार वेगळी कामं असतात हेही बघा. कथेच्या रचनेवर आणि पात्रांवर बोलणं वेगळं, वाक्य न् वाक्य सुधारणं वेगळं, व्याकरण आणि एकसारखेपणा तपासणं वेगळं, शेवटचं मुद्रितशोधन वेगळं. तुम्हाला आत्ता पहिलं हवंय. रचना बदलायची असताना वाक्यांवर पैसे घातले तर ती वाक्यं पुढच्या खर्ड्यात उडतात, पैसेही उडतात.

"गुंतवणूक" या शब्दाबद्दल थोडं. मी याला शिकण्याचा खर्च म्हणेन, आणि तो चांगला खर्च आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण गुंतवणूक म्हटलं की आपण कर्ज काढायलाही तयार होतो, तिथे गडबड होते. कथेचं मानधन लहान असतं, कधी मिळतच नाही, त्यातून ही फी वसूल होईल असं धरून चालू नका. कार्डावर महिन्याला ३ टक्के व्याज असेल तर चक्रवाढीने वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. थकबाकी आधीच आहे, त्यात ही रक्कम टाकली तर बारावा फीडबॅक येईपर्यंत त्या ८ चे ११ च्या वर झालेले असतील.

पॅकेजच्या शेवटी निवडक कथांचं पुस्तक निघणार आणि ज्यांची कथा त्यात येईल त्यांनी ठरावीक प्रती विकत घ्यायच्या, हेही तुम्ही लिहिलंय. याला स्पष्ट नाही म्हणा. जेम्स डी. मॅकडोनाल्ड या अमेरिकन लेखकाचा एक नियम लेखकांमध्ये बराच चालतो, की पैसा लेखकाच्या दिशेने वाहायला हवा. एडिटरला त्याच्या कामाचे पैसे देणं ठीक, ती सेवा आहे. छापून येण्यासाठी लेखकाने पैसे मोजायचे हे ठीक नाही.

तोपर्यंत काय करायचं? ग्रुपमध्येच ४-५ जण गाठा जे सिरीयसली लिहितात, आणि एकमेकांच्या कथा वाचा. १९५६ मध्ये अमेरिकेत मिलफर्डला विज्ञानकथा लेखकांची कार्यशाळा सुरू झाली, तिची पद्धत अजून वापरतात: सगळ्यांनी कथा आधी वाचून यायची, एकेकाने आपापल्या पाळीला बोलायचं, लेखकाने तोवर गप्प बसायचं, शेवटी उत्तर द्यायचं. यात नामवंत एडिटर कोणी नसतो, पण पाचपैकी तिघं एकाच पानावर अडखळले तर ते पान दुरुस्त करायचंय हे नक्की कळतं. उपाय मात्र त्यांचा घेऊ नका, तो तुमचा तुम्ही शोधा. आणि दुसऱ्याच्या कथेत काय बिघडलंय हे शब्दांत मांडताना स्वतःचं लिखाण जेवढं सुधारतं तेवढं स्वतःवरचा फीडबॅक वाचून सुधारत नाही असं मला खरंच वाटतं.

तर क्रम असा ठेवा. येत्या २-३ महिन्यांची बचत कार्डात भरा. मग दरमहा बचतीतला छोटा भाग, समजा दहावा हिस्सा, "लिखाण" नावाने वेगळा काढा, बाकी इमर्जन्सी फंडात, तो निदान ३ महिन्यांचा होईपर्यंत. महिन्याची फी तुमच्या अर्ध्या महिन्याच्या बचतीएवढी आहे, म्हणजे एका सुट्या कथेचे पैसे साधारण ६-७ महिन्यांत जमतील. तुम्ही दोनदा लिहून काढलेली ती बहिणींची कथा तोवर ग्रुपमधल्या चौघांना दाखवून तिसऱ्यांदा लिहा, आणि पैसे जमले की तीच पाठवा.