थ्रॅश मेटल, म्हणजे वेगवान, कर्कश रॉक, गिटारवर वाजवायला १५ हजारांत कोणतं पेडल घ्यावं? आवाज फाडणारं ‘मेटल झोन’ पेडल चालेल का? ॲम्पमधून घूं येते, त्यासाठी नॉइज गेटही लागेल का?

पेडलचं नंतर सांगतो, आधी ती घूं. तुम्ही जळगावचे आहात आणि उन्हाळा सुरू आहे, म्हणून विचारतो: अर्थिंगच्या खड्ड्यात शेवटचं पाणी कधी ओतलं?

चोपड्याजवळ आमच्या ड्रमरच्या वडिलांचं केळी पिकवायचं केंद्र होतं. त्यातलं एक चेंबर बंद पडलेलं. पफ पॅनलच्या जाड भिंती, बाहेर आवाज जात नाही. थ्रॅश वाजवायला याहून चांगली जागा अख्ख्या खानदेशात नसेल. फक्त ऊन तापलं की ॲम्प गुरगुरायला लागायचा, आणि शेजारचा कॉम्प्रेसर सुरू झाला की विचारूच नका. आमचा दुसरा गिटारवाला पुण्याहून शिकून आलेला. त्याचं निदान ठरलेलं: 'तुझे पिकअप भंगार आहेत, ईएमजी ८१ टाक.' (पिकअप म्हणजे तारांचा आवाज उचलणारी गिटारवरची चुंबकं, ईएमजी ८१ हे त्यांचं एक मॉडेल.) अरे, तुझी गिटार लावली तरी घूं येतेय ना? ते त्याला ऐकू यायचं नाही. मग त्यानं नॉइज गेट आणलं. गेट तुम्ही थांबलात की आवाज कापतं. वाजवायला लागलात की उघडतं, आणि सुरासोबत घूंही बाहेर येते.

शेवटी कॉम्प्रेसरच्या कामाला वायरमन आला तेव्हा मी त्याला गाठलं. त्यानं फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब धरला, तो नुसता लालसर झाला. 'जमीन कोल्ली व्हई गई भो, पानी टाका.' म्हणजे खड्ड्यातली जमीन कोरडी पडलेली. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात बादल्या ओतल्या, ॲम्पच्या प्लगची मोडलेली तिसरी पिन बदलली. घूं नव्वद टक्के गेली. आमचे पुणेकर म्हणाले, योगायोग. अजूनही म्हणतात.

दुसरं भांडण गेनचं, म्हणजे आवाज किती फाडायचा त्या बटणाचं. तुमचाही गेन फुल असणार, पैज लावतो. थ्रॅशमध्ये पाम म्यूट केलेला, म्हणजे तळव्याने तार दाबून मारलेला, प्रत्येक फटका सुटा ऐकू यायला हवा. फुल गेनवर त्याचा रबडा होतो. गेन निम्म्यावर आणा. मिड (मधल्या पट्टीचा आवाज) शून्यावर ठेवून खोलीत एकट्याला भारी वाटतं, पण ड्रम आणि बास आले की गिटार गायब. उजव्या तळव्याची कड ब्रिजला चिकटूनच ठेवा. पुढे सरकली की तार मुकी होते.

आणि डाऊन-स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक फटका वरून खालीच. 'वर-खाली वाजवलं तर कुणाला कळतंय?' असं मला ऐकवलं गेलंय. कळतं. मेटालिकाचं १९८६चं 'मास्टर ऑफ पपेट्स' मिनिटाला २०० च्या वर ठोक्यांवर चालतं आणि त्यांचा गायक-गिटारवादक हेटफिल्ड त्याची मुख्य रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) निव्वळ खाली मारत वाजवतो, ठोक्याला दोन, म्हणजे सेकंदाला सातेक फटके. तो करवतीसारखा आवाज वर-खाली मारून येत नाही, मग कितीही महागडे पिकअप लावा. मेट्रोनोम १२० पासून सुरू करा, हळूहळू चढवा. पिक एक मिलिमीटरहून जाड, तारा १०-४६ जाडीच्या.

आता पेडल. मेटल झोन वाईट नाही, लोक मिड काढून टाकतात म्हणून त्याचं नाव खराब. पण ॲम्पला स्वतःचं बरं डिस्टॉर्शन (फाटका आवाज) असेल तर ट्यूब स्क्रीमर प्रकारचं स्वस्त पेडल गिटार आणि ॲम्पच्या मध्ये लावा, त्याचं ड्राइव्ह (फाडण्याचं बटण) जवळपास शून्य, लेव्हल वर. खालचा फुगलेला आवाज आवळला जातो. उरलेल्या पैशात चांगली केबल घ्या.

नॉइज गेट अगदीच निरुपयोगी नाही, रिफ खाडकन थांबवायला लागतं. पण अर्थिंग झाल्यावर घ्या. आणि हो, तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आत्ताच प्लग काढा आणि वायरमनला बोलवा, स्वतः उघडत बसू नका. सराव करताना मनगटात कळ आली तर त्या दिवशी बंद करा.