चौघींनी जाऊन नवऱ्याला समज द्यावी का?

प्रश्न : कात्रजला आमच्या बचत गटातल्या एका ताईंना नवरा मारतो. पोलिसांत जायचं नाही म्हणतात. आम्ही चौघींनी जाऊन त्याला समज दिली तर?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नको. तुमची पाठ वळली की ‘घरातलं बाहेर सांगितलंस’ म्हणून राग तिच्यावरच निघतो. गटात येणं बंद होतं आणि तुमची तिच्याशी गाठच तुटते. त्यापेक्षा हप्ता भरायच्या दिवशी तिला एकटीला बाजूला घ्या आणि आधी हे विचारा : त्याने कधी गळा दाबलाय का? दाबला असेल तर पुढे जिवाला धोका फार वाढतो. वळ दिसत नसले तरी आत सूज असू शकते. आवाज बसला असेल, गिळताना दुखत असेल, चक्कर येत असेल तर तडक ससूनला न्या.

दवाखान्यात बायका ‘पाय घसरला’ म्हणतात. तेच केसपेपरवर उतरतं आणि पुढे समोरचा वकील नेमका तोच कागद काढतो. कोणी, कशाने, केव्हा मारलं हे डॉक्टरांना सांगायला हवं. एमएलसी, म्हणजे दवाखान्याने पोलिसांना कळवायची मारहाणीची नोंद, झाली की पोलीस जबाब घ्यायला येतात, याची कल्पना मात्र तिला आधी द्या. वळांचे फोटो त्याच दिवशी काढा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा काढा, कारण वळ नंतर गडद होतात. एका फोटोत चेहरा हवा. फोटो तुमच्या फोनवर काढा. तिचं गूगल खातं नवऱ्याच्या फोनवरही चालू असलं तर त्याला सगळं दिसेल.

गुन्हा न नोंदवताही 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागता येते. याच कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल करतात. त्याची प्रत पोलीस ठाण्याला जाते, पण तो एफआयआर नव्हे. कलम 12 खाली ती स्वतःही थेट मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू शकते. माहेरी गेली असेल तर तिथल्या न्यायालयातसुद्धा. वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. शिवाजीनगरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. कायद्यात 60 दिवसांत निकालाचं म्हटलंय, पण तारखा लांबतातच. म्हणून शपथपत्र जोडून कलम 23चा अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा, आदेश पहिल्याच अर्जात मागा. दोघं राहत होते ते घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून राहण्याचा हक्क मागणं सोडू नका. मारहाण करू नये असा न्यायालयाचा संरक्षण आदेश नवऱ्याने मोडला तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

घर सोडायचं की नाही, कधी, हे तिलाच ठरवू द्या. सोडतानाचे दिवस सर्वांत धोक्याचे, तेव्हा घाई करून भरीला घालू नका. आधार, रेशनकार्ड, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पासबुक यांच्या झेरॉक्स आणि थोडे पैसे तुमच्यापैकी एकीकडे ठेवा. मारहाण चालू असेल तर 112. सल्ल्यासाठी 181 आहे. तिने स्वतःच्या फोनवरून लावला तर कॉलच्या यादीतून नंबर काढून टाकायला सांगा.