मुंबई ते गोवा विमानाने अंतर किती आणि वेळ किती लागतो?

गोव्यात कुठे उतरणार ते तुम्ही लिहिलंच नाहीये आणि खरी मेख तिथेच आहे, कारण आमच्याकडे आता दोन विमानतळ आहेत. जुना दाबोळी, वास्कोजवळचा, आणि दुसरा मोपा, वर पेडण्यात, जिथून 5 जानेवारी 2023 पासून विमानं उडायला लागली. मुंबईहून हवेतलं सरळ अंतर दाबोळीला साधारण 425 किमी आणि मोपाला 390 च्या आत, म्हणजे मोपा थोडा जवळच पडतो. रस्त्याने हेच 550-600 किमी होतं, घाट आणि वळणं धरून.

आता वेळ. तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास दिसेल, कधी थोडी कमी कधी जास्त. पण विमान प्रत्यक्ष हवेत असतं पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटं. मग बाकीची मिनिटं कुठे जातात? तर मुंबईत. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेद देतात, त्यामुळे एका वेळी बहुतेक एकच चालते आणि आपलं विमान गेटवरून निघून लायनीत उभं राहतं, परत येताना मुंबईवर घिरट्या घालायला लावतात ते वेगळंच. कंपन्या हे सगळं धरूनच वेळ छापतात. म्हणून कधी कधी पायलट ऐटीत सांगतो की आपण वीस मिनिटं लवकर पोचलो, आणि लोक खूश!

दाबोळी मुळात नौदलाचा तळ आहे (आयएनएस हंसा), त्यामुळे आठवड्यातले बरेच दिवस सकाळचे काही तास तिथे प्रवासी विमानं नसायची. सकाळी येणार असाल तर हे बघून घ्या.

पण खरं सांगू का, हवेतल्या त्या 35-40 किमीने काही फरक पडत नाही, फरक पडतो उतरल्यावर. दाबोळीहून मडगाव 25 किमीच्या आसपास, मोपाहून तेच 60 च्या वर. मडगाव, कोळवा, काणकोणला जायचं तर दाबोळी. पेडणे, हरमल, म्हापसा किंवा बांदा-सावंतवाडीकडे जायचं तर मोपा. पणजीला कुठलाही चालतो, दाबोळी थोडा जवळ. चुकीच्या ठिकाणी उतरलात तर टॅक्सीत जेवढा वेळ जाईल तेवढ्यात विमान परत मुंबईला पोचलेलं असेल, आणि टॅक्सीचं बिल बघून तुम्हाला पण परत जावंसं वाटेल.

हे मी अनुभवाने बोलतोय. मागच्या वर्षी भावोजी येणार होते, मी म्हापशाहून थेट मोपाला जाऊन उभा, म्हटलं आता सगळे इथेच उतरतात. विमान उतरल्याचा फोन आला, मी म्हटलं बाहेर या, ते म्हणतात बाहेरच उभा आहे, समोर नेव्हीचा बोर्ड दिसतोय. तिकीट त्यांनी मला चार दिवस आधीच पाठवलं होतं, मी उघडून बघितलंच नव्हतं. शेवटी त्यांना म्हटलं तुम्ही टॅक्सीने पणजीपर्यंत या, मी तिकडे येतो.

तर तिकिटावर कोड बघा, जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. आणि हो, आता मुंबईच्या बाजूलाही तीच गंमत आहे, नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर 2025 ला झालं, तेव्हा निघायचं कुठून तेही वाचा.