शुक्राणुजनन एकच की दोन?

प्रश्न असा: शिंपल्यांवरील एका मजकुराचे भाषांतर करताना ‘स्पर्मॅटोजेनेसिस’ आणि ‘स्पर्मिओजेनेसिस’ या दोन्हींसाठी ‘शुक्राणुजनन’ वापरले, तर चालेल का?

चालणार नाही. ‘शुक्राणुजननात पेशी दोनदा विभागते’ आणि पुढच्याच परिच्छेदात ‘शुक्राणुजननात विभाजन होत नाही’, असा घोटाळा होईल. पहिली संज्ञा संपूर्ण प्रवासाची आहे: मूळ जननपेशी सूत्री विभाजनाने वाढतात, मग गुणसूत्रे निम्मी करणारे अर्धगुणसूत्री विभाजन होते आणि एका प्राथमिक स्पर्मॅटोसाइटपासून (या विभाजनात शिरणारी पेशी) ४ स्पर्मॅटिड (अजून शेपूट नसलेल्या कच्च्या पेशी) मिळतात. दुसरी संज्ञा फक्त शेवटच्या टप्प्याची. त्यात नवी पेशी जन्मत नाही. गोल स्पर्मॅटिडचाच शुक्राणू घडतो. म्हणून तिथे ‘जनन’ नको, ‘शुक्राणुघडण’ म्हणा. संस्कृत-मराठी जोड कानाला खटकत असेल तर ‘शुक्राणुरूपण’.

या घडणीत गॉल्जी पिंडातून (पेशीतला स्राव बांधणारा भाग) सुटलेल्या पिशव्या एकत्र येऊन शुक्राणूच्या टोकाची पिशवी, अ‍ॅक्रोसोम, बनते (ग्रीक ‘आक्रोस’ म्हणजे टोकाचा, ‘सोमा’ म्हणजे देह). केंद्रक आक्रसते, सेंट्रिओल या नळीसारख्या सूक्ष्म भागापासून कशाभिका, म्हणजे शेपूट, वाढते, जादा पेशीद्रव टाकून दिले जाते. तंतुकणिकांची (पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया) मांडणी मात्र प्राण्यागणिक वेगळी. मसल शिंपल्यात साधारण ५ मोठ्या गोल तंतुकणिका सेंट्रिओलभोवती बसतात, तर समुद्री अर्चिन या काटेरी सागरी प्राण्यात सगळ्या मिळून एकच कडे होते. तेव्हा अर्चिनबद्दल लिहिताना ‘तंतुकणिका’ एकवचनी ठेवा. सवयीने अनेकवचन केले तर चूक होईल.

‘शेपूट फुटणे’ हीच घडणीची व्याख्या करू नका. खेकड्याच्या शुक्राणूला शेपूट नसते, तो पोहत नाही आणि त्याचे केंद्रकद्रव्यही घट्ट आवळलेले नसते. जुना ‘शुक्रजंतू’ शब्द टाळावा तो याचसाठी: जंतू म्हटले की वळवळ डोळ्यांपुढे येते, शिवाय तो स्वतंत्र जीव असल्याचा भास होतो.

शुद्धलेखनाचे एक सांगायचे राहिले. सुटा शब्द ‘शुक्राणू’, शेवट दीर्घ. विभक्तीतही ‘शुक्राणूचा’, ‘शुक्राणूंना’. समासात पहिले पद म्हणून आला की तत्सम शब्दाच्या नियमाने ऱ्हस्व: शुक्राणुजनन, शुक्राणुघडण. ‘शुक्राणू’ पुल्लिंगी, ‘शुक्रपेशी’ स्त्रीलिंगी. एकाच परिच्छेदात दोन्ही वापरलेत तर क्रियापदे तपासा, ‘तो पोहतो’ आणि ‘ती पोहते’ असे दोन वेगळे प्राणी तयार होतात.