उघड्या कट्ट्यावर ‘मॅकबेथ’: आधी घड्याळ, मग लाइट

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या गावात डिसेंबरात, शाळेमागच्या उघड्या कट्ट्यावर शेक्सपियरचं ‘मॅकबेथ’. साडेसातला सत्कार, मग नाटक, ‘अकरापर्यंत आरामात संपेल’. तुमचं हे वाचलं आणि पोटात गोळा आला. तुम्ही विचारलंय ते लाइट आणि नाटकातल्या रक्ताबद्दल, तिकडे येतोच. आधी ते ‘अकरा’.

मैदानाची परवानगी वेगळी, लाउडस्पीकरची वेगळी. मैदानाच्या कागदावर अकरा लिहिलेलं असलं तरी स्पीकर दहाला बंद होतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर लावता येत नाही. बारापर्यंतची सूट सरकारनं ठरवलेल्या सणासमारंभालाच मिळते, तीही वर्षात फार तर १५ दिवस. आमच्या प्रयोगाला आम्ही मैदानाच्या एकाच कागदावर विसंबलो. त्या कचेरीत तीन खेपा झाल्या, दर खेपेला नवी झेरॉक्स मागितली, पण दुसरा अर्ज लागतो हे एकाही टेबलावरून कळलं नाही. लेडी मॅकबेथ झोपेत हात धूत असताना आवाज गेला. नाटकातला सगळ्यात हळू बोलायचा प्रवेश, आणि मागच्या तीनशे लोकांना नुसते हात हलताना दिसले. तेव्हा दोन्ही अर्ज महिनाभर आधी द्या, कन्नडमधून लिहा, मराठी प्रत सोबत जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. भाषेवरून भांडायचं तर प्रयोग झाल्यावर भांडा की. (मी वकील नव्हे. तुमच्या पोलीस ठाण्यात एकदा विचारून घ्या.)

माझं ठाम मत: सत्कार मध्यंतरात ढकला आणि नाटक पावणेसातला सुरू करा. लोक दूध घालून, जेवून येणार, जत्रेतलं नाटक दहाला उभं राहायची सवय, हे सगळं खरं. पण इथं उशीर परवडत नाही. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातला पुरता काळोख होतो. चेटकिणी उरल्यासुरल्या उजेडात येऊन जातात, त्यांना लाइट कमीच लागतो. चाळीसेक मिनिटांनी राजा डंकनचा खून येतो, तो नेमका अंधारात. मध्यंतर मेजवानीच्या प्रवेशानंतर. चेटकिणींची देवी हेकेटी हिचा प्रवेश बिनधास्त कापा, तो मागाहून दुसऱ्या कुणी घुसडला असं अभ्यासकही मानतात. म्हणजे सव्वानऊला मोकळे व्हाल.

खुनानंतरचा द्वारपालाचा प्रवेश मात्र ‘कॉमेडी नको’ म्हणून उडवू नका. तेवढ्या वेळातच मॅकबेथला हात धुऊन, कपडे बदलून परत यायचं असतं. विंगेत गरम पाण्याच्या दोन बादल्या, साबण आणि गडद रंगाचा टॉवेल ठेवा.

तारीख ठरवताना पंचांग बघा. खुनाआधी मॅकबेथचा सोबती सरदार बँको याचा पोरगा म्हणतो, चंद्र मावळला. डोक्यावर पौर्णिमेचा चांदोबा असला की प्रेक्षक हसणारच. वद्य पंचमीनंतर अमावास्येपर्यंतची कुठलीही रात्र चालेल.

आता रक्त. रात्र दाखवायला सगळे निळा प्रकाश मारतात आणि त्यात लाल रंग काळा दिसतो. हाताला डांबर फासल्यासारखं. निळा मागे ठेवा आणि हातांवर समोरून एक फिकट पिवळा स्पॉट द्या. साखरेच्या पाकाचं रक्त उघड्यावर नको: मुंग्या येतात, किडे चिकटतात, पाय घसरतात. लिक्विड साबणात खायचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी घाला, धुतल्यावर निघतं. ते तोंडात मात्र जाऊ देऊ नका.

हजार वॅटचे दहा पार दिवे आणि साउंड एकत्र असेल तर २५ केव्हीएचा जनरेटर घ्या. वारा जिकडे वाहतो त्या अंगाला, ५० मीटरवर, भिंतीआड. टांगलेले माइक उघड्यावर कुचकामी. कॉलर माइकला स्पंज लावा आणि घोंगडी त्यावर घासत नाही ना ते तालमीतच बघा. मागे ३० मीटरवर जादा स्पीकर लावला तर साउंडवाल्याला त्याचा आवाज ९० मिलिसेकंद उशिरा सोडायला (डिले) सांगा, नाहीतर प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. लेडी मॅकबेथच्या हातात मेणबत्ती टिकत नाही, काचेचा कंदील द्या.

शेवटची तलवारबाजी नऊच्या पुढं गेली की दव पडतं आणि शहाबादी फरशी बर्फासारखी होते. मध्यंतरात काथ्याच्या चटया खिळवून टाका.

शेवटी सैनिक फांद्या धरून चालत येतात, त्या बर्नमच्या रानासाठी सुबाभूळ किंवा गुलमोहर तोडू नका, अर्ध्या तासात पानं मिटतात. आंब्याचे चार-पाच फुटी डहाळे घ्या, संध्याकाळी उशिरा तोडून बादलीत ठेवा. स्वतःच्या शेतातलेच. खानापूरच्या जंगलात कोयता घेऊन शिरलात तर तिसरी कचेरी, वनखात्याची, मागं लागेल.

आणि ‘मॅकबेथ’ची मराठी संहिता कुणाची घेताय ते लिहिलं नाहीत. शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ असेल तर त्याचे हक्क २०५९ अखेरपर्यंत आहेत, लेखी परवानगी आणि मानधन आधी. शि. म. परांजपे यांचा ‘मानाजीराव’ मुक्त आहे, पण त्यातली जुनी भाषा पोरांच्या तोंडी बसवायला दोन महिने धरा.