एक्सएमएल शिकू की नको?

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीला राहते. मराठी घेऊन बी.ए. केलं, मग तीन वर्षं एका प्रकाशकाकडे मुद्रितशोधन केलं. दोन महिन्यांपूर्वी अंधेरीत ई-बुकं तयार करणाऱ्या एका कंपनीत लागले. पुढे वेब डेव्हलपमेंटकडे वळायचं मनात आहे. आमचे साहेब म्हणतात, एक्सएमएल शीक. धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, एक्सएमएल कधीच मेलं, जेसन शीक. ठाण्यातला एक क्लास 30 दिवसांत एक्सएमएल, डीटीडी, स्कीमा, एक्सपाथ, एक्सएसएलटी, एक्सक्वेरी, एक्सलिंक, सोप असं सगळं शिकवतो. फी 18 हजार. भरू का? रोजचे साडेतीन तास प्रवासातच जातात.

उत्तर : फी भरू नका. हे पहिल्याच ओळीत सांगते, कारण पत्राच्या सुरावरून पैसे भरायची तारीख जवळ आलेली दिसते. त्या यादीतल्या निम्म्या गोष्टी तुम्हाला लागणार नाहीत, आणि ज्या लागतील त्या 30 दिवसांत उरकण्यासारख्या नाहीत.

एक्सएमएल म्हणजे मजकुरात टॅग, म्हणजे कोनी कंसातल्या खुणा, घालून कुठला भाग काय आहे ते लिहायची रीत. जेसन म्हणजे माहिती नाव आणि किंमत अशा जोड्यांत लिहायची रीत. भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे. वेबपेज आणि सर्व्हर यांच्यात माहितीची छोटी छोटी पाकिटं ये-जा करतात, तिथे जेसन सोपं पडतं आणि तेच वापरावं. जीएसटीची विवरणपत्रं जेसनमध्ये जातात. प्राप्तिकराची विवरणपत्रं पूर्वी एक्सएमएलमध्ये भरली जायची, तीही 2021-22 या आकारणी वर्षापासून जेसनवर गेली. पण स्टेशनबाहेर वडापाव घेऊन तुम्ही यूपीआयने पैसे देता, तेव्हा बँक आणि यूपीआय चालवणारी एनपीसीआय यांच्यात जो निरोप जातो तो एक्सएमएल असतो. रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस 2013 पासून आयएसओ 20022 या बँकांच्या निरोपांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणावर चालते, तेही एक्सएमएलच. वर्डच्या कुठल्याही डॉक्सएक्स फाइलची एक प्रत काढा, तिच्या नावाचं शेपूट बदलून झिप करा आणि उघडा. आत एक्सएमएलच्या फायली रचून ठेवलेल्या दिसतील. ज्या ईपबवर, म्हणजे ई-बुकाच्या फाइलवर, तुमचा पगार होतो, तेही असंच एक झिप आहे.

भावाला एक वाक्य दाखवा आणि जेसनमध्ये लिहून दे म्हणा :

<परिच्छेद>आजोबा <गाव>दाभोळ</गाव>हून बोटीने <ठिकाण मूळ="भाऊचा धक्का">भाऊच्या धक्क्यावर</ठिकाण> उतरले.</परिच्छेद>

तो लिहील, पण वाक्याचे तुकडे तुकडे करून, आणि तो ढीग माणसाला वाचता येणार नाही. चालू वाक्याच्या मधोमध एखाद्या शब्दावर खूण करायची, आणि वाक्य मात्र वाक्यच राहायला हवं, हे काम एक्सएमएलचं. पुस्तकं, नियतकालिकं, कायदे, शब्दकोश यांत सगळीकडे हेच काम असतं. (टॅगची नावं देवनागरीत चालतात का, असा प्रश्न पडला असेल. चालतात. एक्सएमएलची नावं युनिकोडमध्ये असतात, तुम्ही ही ओळ फाइलमध्ये ठेवून तपासू शकता. कंपनीत मात्र ठरलेले इंग्रजी टॅगच वापरावे लागतील.)

त्या ओळीकडे पुन्हा बघा, कारण तुमची मराठीची पदवी तिथे कामाला येते. ‘दाभोळहून’मध्ये गावाचं नाव जसंच्या तसं राहतं, म्हणून प्रत्यय टॅगच्या बाहेर ठेवता आला. ‘भाऊच्या धक्क्यावर’मध्ये सामान्यरूप झालं, म्हणून सगळा शब्दप्रयोग आत घेऊन मूळ रूप टॅगमधल्याच ‘मूळ’ या ॲट्रिब्यूटमध्ये ठेवलं. ‘गिरगावात’चं काय कराल? ‘गिरगाव’नंतर टॅग बंद केला तर पुढची काना-मात्रा एकटी पडते आणि वाचनयंत्रावर ठिपक्यांच्या वर्तुळाला लोंबकळते. दुसरा धोका असा की काही एडिटर फाइल ‘नीटनेटकी’ करताना टॅगच्या आजूबाजूला नवी ओळ घालतात आणि ‘दाभोळहून’चं ‘दाभोळ हून’ होतं. इंग्रजीवर तयार झालेल्या माणसाला हे दिसतच नाही. मुद्रितशोधन केलेल्या माणसाला झोपेतही दिसेल.

मी स्वतः हे उलट्या बाजूने शिकले. 1999 मध्ये प्रभादेवीच्या एका छापखान्यात डीटीपी करत होते. पानावर काय कसं दिसतं, एवढंच माझं जग. काही वर्षांनी मरोळच्या एका कंपनीत लागले, तिथे एका कोशाच्या फायलींवर खुणा करायचं काम आलं. मूळ छापील पानावर जिथे तिरका ठसा होता, तिथे मी ‘तिरका’ असा टॅग दिला. सहा आठवडे निष्ठेने दिला. मग निरोप आला की कोशात उल्लेख झालेल्या सगळ्या ग्रंथांची वेगळी सूची हवी. ग्रंथांची नावं तिरकी होतीच, पण संस्कृत अवतरणं तिरकी होती, वनस्पतींची शास्त्रीय नावं तिरकी होती, आणि संपादकांना जोर द्यायचा तो शब्दही तिरका होता. आम्ही चौघींनी तीन दिवस बसून एकेक तिरका शब्द वाचला आणि तो काय आहे ते ठरवलं. ते ‘काय आहे’ मी पहिल्या दिवशीच लिहायला हवं होतं. ‘कसं दिसतं’ ते नंतर कुणीही ठरवलं असतं. एक्सएमएल म्हणजे मला तेव्हापासून हेच वाटत आलं आहे, बाकीची प्रमाणं त्याच्यासाठी आहेत.

ही कल्पना तशी जुनी. एसजीएमएल नावाचं प्रमाण 1986 चं आहे, पण ते इतकं अवाढव्य होतं की वेबला पेलवेना. जॉन बोसाक यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने त्यातलं गरजेचं तेवढं ठेवलं, आणि 10 फेब्रुवारी 1998 ला वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने एक्सएमएल 1.0 जाहीर केलं. त्यातला एक नियम नव्या माणसाला जाचतो. एचटीएमएलमध्ये टॅग बंद करायचा राहिला तर ब्राउझर सांभाळून घेतो. एक्सएमएलचा पार्सर, म्हणजे फाइल वाचणारा प्रोग्रॅम, पहिल्या चुकीशीच थांबतो. मला तो नियम फार आवडतो. चूक छापून गेल्यावर कळण्यापेक्षा टेबलावर कळलेली बरी, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता क्रम. कंपनीत तुम्हीच केलेलं एखादं ईपब घ्या, त्याची झिप सोडवा आणि आठवडाभर फक्त वाचा. आतली कंटेनर फाइल ओपीएफ फाइलकडे बोट दाखवते. ओपीएफमध्ये पुस्तकाची माहिती, सगळ्या फायलींची यादी आणि वाचायचा क्रम असतो. भाषेच्या जागी ‘एमआर’ आहे का बघा. मराठी पुस्तकांत तिथे इंग्रजीचा कोड राहून गेलेला मी कितीदा पाहिला आहे, आणि मग दृष्टिहीन वाचकाचं स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातं. ही एक दुरुस्ती केलीत तरी कुणाचं तरी पुस्तक वाचण्याजोगं होईल. प्रत्येक प्रकरण ही एक्सएचटीएमएल फाइल असते, म्हणजे एचटीएमएल, पण एक्सएमएलच्या शिस्तीत. म्हणून वेब शिकायचं आणि एक्सएमएल शिकायचं हे तुमच्यासाठी दोन वेगळे रस्ते नाहीत. त्याच फायलींवर एचटीएमएल आणि सीएसएस पक्कं करा.

त्यानंतर एक्सपाथ. ‘तिसऱ्या प्रकरणातल्या सगळ्या तळटीपा’ असा पत्ता लिहिण्याची ही भाषा आहे. दोन आठवड्यांत हात बसतो, आणि पुढे एक्सएसएलटी असो, फाइल नियमांत बसते का ते तपासणारं स्कीमाट्रॉन असो की पायथन, सगळीकडे उपयोगी पडते. इथे एक खड्डा आहे, त्यात मी अख्खी संध्याकाळ घालवली होती. ईपबच्या प्रकरणात तुम्ही ‘सगळे परिच्छेद दे’ म्हणाल आणि उत्तर येईल शून्य, समोर परिच्छेद दिसत असताना. कारण नेमस्पेस. फाइलच्या माथ्यावर एक्सएचटीएमएलचं नेमस्पेस जाहीर केलेलं असतं, म्हणून आतला प्रत्येक टॅग त्या घराण्याचा होतो. तुम्ही मात्र आडनाव न सांगता नुसत्या नावाने हाक मारता. त्या नेमस्पेसला एक छोटा प्रीफिक्स द्या आणि प्रत्येक नावाआधी तो लावा. नेमस्पेसचं प्रमाण 1999 चं आहे, आणि तेव्हापासून शिकणारे तिथेच अडखळत आले आहेत. तुम्ही अडखळलात तर स्वतःला मठ्ठ समजू नका.

मग एक्सएसएलटी, म्हणजे एक्सएमएलचं दुसऱ्या रूपात रूपांतर करायची भाषा, आणि त्याला सहा महिने द्या. त्यात पायऱ्या लिहायच्या नसतात, नियम लिहायचे असतात : उपशीर्षक आलं की असं कर, तळटीप आली की तसं कर. तुम्ही जुळारीला मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत एकेक ओळ सांगत नव्हतात. एक नियमावली देत होतात. तीच रीत. ब्राउझरमधलं एक्सएसएलटी शिकायला जाऊ नका. तिथे 1999 ची पहिलीच आवृत्ती राहिली, आणि क्रोमने तर ती काढून टाकायचं जाहीर केलं आहे. एक्सएसएलटी चालवणाऱ्या सॅक्सन या प्रोग्रॅमची मोफत आवृत्ती घ्या. 2007 च्या दुसऱ्या आवृत्तीत गट पाडायची सोय आली आणि 2017 मध्ये तिसरी आली, तिच्यावरच शिका.

पुढे मराठीचे दोन पेच येतील. पहिला सूची करताना. ‘ॲ’ हे एक स्वतंत्र अक्षर म्हणूनही टाइप होतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. डोळ्याला एकच, यंत्राला दोन, म्हणून सूचीत ‘ॲल्युमिनियम’ दोनदा येतं. ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतल्या ऱ्याचीही तीच कथा. सगळी अक्षरं एका वळणावर आणणारं छोटं एक्सएसएलटी आधी लिहा आणि प्रत्येक पुस्तक पहिल्यांदा त्यातून काढा. दुसरं, स्कीमात, म्हणजे फाइलमध्ये काय चालेल याच्या नियमावलीत, ‘जास्तीत जास्त 20 अक्षरं’ अशी अट घालाल तेव्हा यंत्र युनिकोडची चिन्हं मोजतं. ‘श्रीकृष्ण’ तुम्हाला तीन अक्षरं, त्याला नऊ. अशा अटीमुळे खरी नावं नाकारली जातात, म्हणून मराठीसाठी मर्यादा सैल ठेवावी.

स्कीमा शेवटी शिका. डीटीडी ही तसल्याच नियमावलीची जुनी रीत, ती वाचता आली की पुरे. एक्सक्वेरी ही संग्रहातून हवं ते शोधून काढायची भाषा, ती मोठा संग्रह हाताशी आल्यावर बघू. एक्सलिंक (दुवे जोडायची रीत) आणि सोप (यंत्रांनी एकमेकांना निरोप पाठवायची रीत) यांना हातही लावू नका, जिथे लागेल तिथे ती कंपनीच शिकवेल.

प्रवासाचं म्हणाल तर घाटकोपरपर्यंत उभ्याने शिकता येत नाही, हे मला माहीत आहे. मेट्रोतही नाही. त्या वेळात डोकं रिकामं ठेवा. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीआधीची वीस मिनिटं साहेबांकडून मागून घ्या. शीक म्हणाले आहेत तर तेवढी द्यायला हवीत. आणि 18 हजारांतून एक बरा वापरलेला लॅपटॉप घ्या.

प्रश्न : मी मस्जिद बंदरला एका मसाल्याच्या पेढीत हिशेब लिहितो. बिलांच्या प्रोग्रॅममधून निघणारी एक्सएमएल फाइल टॅलीत घेताना कधी कधी अडते. त्याच फाइलमधली बाकीची बिलं हाताने घातली तर जातात. वय 58, संगणकाचं शिक्षण नाही. काय करावं?

उत्तर : काका, फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि & हे चिन्ह शोधा. एखाद्या गिऱ्हाईकाच्या नावात ‘अमुक & सन्स’ असं बहुधा सापडेल. एक्सएमएलमध्ये हे चिन्ह राखीव आहे, नावात ते नुसतं लिहिता येत नाही; त्याच्या जागी &#38; असं लिहावं लागतं. नावात < आलं तर &#60;. एवढी दुरुस्ती करून फाइल पुन्हा घ्या.

पण ‘सगळे बदला’ हे बटण दाबू नका. फाइलमध्ये काही ठिकाणी आधीच बरोबर लिहिलेलं असेल, तिथे दुहेरी बदल होऊन गिऱ्हाईकाच्या नावातच &#38; छापलं जाईल. एकेक करून बदला. दुसरं, फाइल साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-8 ठेवा, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतील.

खरा दोष बिलांच्या प्रोग्रॅममध्ये आहे. ज्याने तो लिहून दिला त्याला अडलेली फाइल जशीच्या तशी पाठवा आणि सांगा की नावं बाहेर काढताना & बदलून द्या. त्याचं काम अर्ध्या तासाचं आहे. त्याचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.