आठ दिवस फोन बंद

प्रिय पोरी,

रविवारी तू निळी फाइल मांडीवर घेऊन बसली होतीस आणि समोरचा चहा गार झाला. ‘काका, बाबांची मशीनची शेड चालवू की विकू?’ एवढंच तू तीनदा विचारलंस. मी गप्प बसलो, कारण तोंड उघडलं असतं तर तुझ्या बाबावर चिडलो असतो, आणि तो नुकता हॉस्पिटलातून घरी आलेला. म्हणून आता लिहितोय.

चालव नाहीतर वीक, दोन्हीची तयारी एकच आहे. मालक नसताना शेड चालली पाहिजे. तशी चालली तर घेणारा नीट पैसे मोजेल, आणि तुलाच घ्यायची झाली तर गळ्यात पडल्यासारखी वाटणार नाही. ही तयारी विकायचं ठरल्यावर सुरू करून भागत नाही. विकायचं मनातही नसतं तेव्हा करायची असते.

बाबाला स्टेंट टाकली त्या चार दिवसांचं तूच सांगितलंस. पगाराच्या चेकवर सही करायला कोणी नाही, जीएसटीचा ओटीपी आयसीयूबाहेर पिशवीत पडलेल्या फोनवर, आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाला दर सांगायचा तर दर बाबाच्या डोक्यात. मशीन चालू, कामगार हजर, माल पडून. नोकरदार माणूस रजा तरी टाकतो. तुझ्या बाबाने वीस वर्षांत टाकलेली नाही आणि ते तो छाती काढून सांगतो. मीही सांगायचो.

माझं उद्यमनगरातलं पॅटर्न शॉप तुला आठवत असेल, भुश्श्यात खेळायचीस. फौंड्रीला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याला, वाळूचा साचा करायला जो नमुना लागतो तो आम्ही सागवानात करायचो, पुढे ॲल्युमिनियममध्ये. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना शेकडा १च्या आसपास आकसतं, म्हणजे ५०० मिलिमीटरच्या कास्टिंगला पॅटर्न ५०५चा. एवढं पुस्तकात मिळतं. पण कुठल्या जॉबला कुठल्या अंगाला दीड मिलिमीटर जास्त ठेवायचं, कुठल्या फौंड्रीत वाळू सैल ठोकतात, हे सगळं माझ्या डोक्यात. लिहून काढलं नाही. लिहिलं तर मिस्त्री शिकेल आणि पुढच्या गल्लीत दुकान टाकेल, ही भीती.

२०१६ साली एक जण दुकान घ्यायला आला. चांगला माणूस, तीन तास बसला. रॅकवरच्या पॅटर्नपैकी तुमचे किती आणि फौंड्रीवाल्यांचे किती, असं त्याने विचारलं. पैसे फौंड्रीने दिले असतील तर पॅटर्न फौंड्रीचा, आपण नुसते सांभाळणारे. माझ्याकडे रजिस्टर नव्हतं. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचं काम किती टक्के? सत्तर. मग त्याने पेन खाली ठेवला आणि म्हणाला, ‘तुम्ही महिनाभर नसलात तर?’ मी हसलो. ‘मी नसतो असं होतच नाही.’

त्या वाक्याची मला फुशारकी वाटली होती. तो उठून गेला आणि परत आला नाही.

हिशेबाचंही तेच. बरंचसं काम कच्च्यात, कर वाचवला म्हणून मी स्वतःला हुशार समजत होतो. पण घेणारा कागदावरचा नफा बघतो आणि त्याच्या पटीत किंमत लावतो. दडवलेला रुपया किमतीतून एकटा जात नाही, सोबत दोन-तीन घेऊन जातो. तुझ्या फाइलमधली मागच्या तीन वर्षांची रिटर्न्स मी चाळली. बाबाला सांग, काकाला सगळं दिसलं.

२०१९ला बँडसॉ आणि लेथ किलोच्या भावाने गेले. पॅटर्न ज्याचे त्याला. मिस्त्री आज दुसरीकडे मजुरीला आहे. त्याने २००५ साली माझ्याकडे चार आणे भागी मागितली होती. मी नाही म्हणालो. आता तू म्हणशील, काका चुकले. चुकलो असेन, पण तेव्हा आमच्याच गल्लीत तिघांना त्यांच्या भागीदारांनी रस्त्यावर आणलेलं मी बघितलं होतं. मुलींची शिक्षणं व्हायची होती. मी काही मूर्ख नव्हतो. एवढं मात्र खरं की त्याला चार आणे दिले असते तर माझे बारा आणे आज जिवंत असते.

जाऊ दे. तुझ्या कामाचं बोलू.

तुमची फर्म प्रोप्रायटरी आहे, म्हणजे बाबाचा पॅन तोच धंद्याचा पॅन. उद्या त्याचं काही झालं (लिहितो, रागावू नकोस) तर जीएसटी नंबर रद्द करावा लागतो, वारसाने नवा घ्यायचा, आणि आधी भरलेल्या कराचं शिल्लक क्रेडिट नव्या नंबरावर न्यायला वेगळा फॉर्म भरायचा. चालू खातं थांबतं. मोठ्या कंपनीतला व्हेंडर कोड, म्हणजे पुरवठादाराचा नंबर, पुन्हा पहिल्यापासून. तो धडधाकट आहे तोवर प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करा. तुम्ही दोघं साधी भागीदारी करू म्हणत होतात. १९३२चा कायदा आहे तो, दोनच भागीदार असले आणि एक गेला तर फर्म तिथेच मोडते. शिरोलीचा प्लॉटही एमआयडीसीचा, लीजवरचा. तो बाबाच्या नावावरून कंपनीच्या नावावर न्यायला परवानगी लागते, पैसे भरावे लागतात आणि वेळ जातो. म्हणून आत्ता.

तुझा भाऊ बंगळुरात सुखात आहे, शेडमध्ये पाऊल टाकणार नाही. पण वारस आहे. ‘आमच्यात तसं काही नाही,’ असं तू म्हणालीस. सगळ्यांच्यात तसं काही नसतं, तेराव्यापर्यंत. चालवणार कोण आणि मालकी कोणाची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हीची उत्तरं बाबाच्या सहीने, दोन साक्षीदारांसमोर, मृत्युपत्रात पाहिजेत. बँकेत नॉमिनी लावलाय म्हणून निवांत बसू नका. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक होत नाही. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हे पुन्हा स्पष्ट सांगितलंय. पुढचं वकील आणि सीएकडून करून घे, माझ्या पत्रावर सह्या करू नकोस.

‘पण बाबांना कसं विचारू?’ हे ऐकून मात्र माझं डोकं फिरलं. बावीस लाखांचं व्हीएमसी, ते कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, घ्यायला त्याच्याशी महिनाभर भांडलीस, तेव्हा कसं विचारलंस? मृत्युपत्रापासून सुरुवात करू नकोस, तो बिथरेल. त्याला आणि आईला तारकर्लीला पाठव. आठ दिवस, फोन बंद. तू शेडमध्ये वही घेऊन बस आणि जे जे अडेल ते लिही. कोणाची सही, कुठला पासवर्ड, कुठला दर, कुठल्या टूलचा कुठला ऑफसेट (मशीनमध्ये भरायचं टूलचं माप). ती वही हीच तुझी यादी. पहिल्या खेपेला पन्नास गोष्टी अडतील. मग दिवाळीला परत पाठव. खंडेनवमीला मशीनवर हळद-कुंकू घालायला तो पाहिजे, बाकी वर्षभर तो नसला तरी भागलं पाहिजे. घेणारा मला जे विचारून गेला ते तूच बाबाला दरवर्षी विचार.

आणि हे तुलाही लागू आहे. चार दिवसांत तू सगळं ओढून नेलंस याचं तुला कौतुक वाटतंय, मला दिसलं. बाबाच्या डोक्यातलं सगळं तुझ्या डोक्यात आलं तर काय मिळवलं? मालक बदलला, शेड तिथेच अडकलेली. तुमच्याकडे तो सेटिंग करणारा पोरगा आहे, चष्मेवाला. त्याला दर काढायला शिकव. चुकेल, एखादी ऑर्डर तोट्यात जाईल, जाऊ दे.

येत्या रविवारी ये. निळी फाइल आण, वही आण, बाबालाही घेऊन ये. त्याचा फोन तेवढा घरी ठेवायला सांग.

तुझा,
काका